आवाज न येणारा डबा

कुणी बंद डबा हलवला की अजूनही माझी मान तिकडे वळते. सून स्वयंपाकघरात डबे काढत असते, मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत असते आणि वाचता वाचता मनात म्हणत असते, ही मोहरी, हे मेथीदाणे, ही तुरीची डाळ, आणि हा डबा आता भरायला झाला. नातवंडांना याची मोठी गंमत वाटते. ती मुद्दाम डबे आणून माझ्या कानाशी वाजवतात. आजीला डोळ्यांनी कमी दिसतं पण कानांनी दिसतं, असं धाकटा शेजाऱ्यांना सांगून आला आहे. मी हसते. या कानांच्या नावावर मी एकदा खोटं बोलले होते, हे मात्र मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. ते इथे लिहून ठेवते.

संग्रामपूरच्या गावकडेला आमचं घर होतं. दोन खोल्या, वर पत्रे, पुढे एक जुनं कडुनिंबाचं झाड आणि त्याच्या सावलीत बाबांचं काम. बाबा सुतार होते. बंडीची चाकं, वखर, तिफन, कुणाच्या लग्नातला पाट, जे येईल ते करत. आम्ही उठायचो ते लाकूड तासणाऱ्या त्यांच्या वाकसाच्या आवाजाने. आतून मायच्या भाकरी थापण्याचा आवाज यायचा, आणि दोन्ही आवाज असे एकमेकांत मिसळायचे की एखाद्या दिवशी बाबा बाहेरगावी गेले तर मायच्या भाकरीही मला मुक्या वाटायच्या. अंगणातून उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसायची. पावसाळा सरता सरता घरात रोज अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर आणि लाल मिरचीचा ठेचा असायचा, आणि आम्ही रोज कुरकुरून तेच पोटभर जेवायचो. बाबा लाकूड घेताना ते आधी बोटाच्या पेरांनी वाजवून बघत. मी लहानपणापासून त्यांच्याजवळ उकिडवी बसून तेच करायचे. कोणतं लाकूड आतून पोकळ, कोणतं ओलं, कोणत्याला कीड, हे मला हळूहळू कळू लागलं होतं. बाबा म्हणायचे, "लाकूड खोटं नाही बोलत, पोरी. आयकनारा घाई करते."

माझ्यापेक्षा ताई दोन वर्षांनी मोठी. तिचं नाव शकुंतला, पण गावात सगळे तिला शकू म्हणत. तिचा आवाज गोड होता, असं म्हटलं की काहीच सांगितल्यासारखं होत नाही. ती विहिरीवर पाणी ओढताना गुणगुणू लागली की बाकीच्या बायका आपली पाळी लांबवत, एवढं सांगते. पण गणितात तिचा जीव लागत नसे. ती आठवीत एकदा नापास झाली होती, मग नववीतही झाली. बाबा म्हणाले, आता बस झाली शाळा. मायने भाकर तव्यावर टाकता टाकता, त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "एक साल अजून पाहू. शकू धाकटीसंग जाईन, धाकटीसंग येईन. तुमचं काय जाते त्यात?" तेवढ्यावर ते मिटलं. अशा रीतीने माझी मोठी बहीण माझ्या वर्गात आली.

मला वाटलं होतं, ती मान खाली घालून शेवटच्या बाकावर बसेल आणि मी तिला सांभाळून घेईन. खरं सांगायचं तर या विचाराने मी मनातून थोडी खूशही झाले होते. पहिला आठवडा ती बसली तशी. मग एका मधल्या सुट्टीत कुणीतरी तिला गाणं म्हणायला लावलं, आणि पंधरा दिवसांत वर्गाचा मध्य तिच्या बाकापाशी सरकला. माझी वर्गात एकच मैत्रीण होती, विमल, कापडदुकानवाल्यांची. आम्ही दोघी डबा वाटून खायचो. ती मला घरची गव्हाची पोळी द्यायची आणि माझी ज्वारी-उडदाची कळण्याची भाकर मागून घ्यायची. एका सकाळी विमलने दप्तर उचललं आणि ताईशेजारी जाऊन बसली. ताईने मला हाक मारली, "मंगल, ये न वं इकडे. सरकते मी." मी म्हटलं, मला पुढूनच फळा दिसतो. माझी नजर तेव्हा चांगली स्वच्छ होती.

घरी मात्र आम्ही तशाच होतो. एका गोधडीत झोपायचो. सकाळी ती माझी वेणी घालायची, संध्याकाळी चुलीपाशी मी तिला बीजगणित शिकवायचे. वर्गात ती मला चटका लावायची आणि घरी तिच्याच हाताने केसांना तेल लावून घेताना माझे डोळे मिटायचे. एकाच माणसाबद्दल मनात इतकं उलटसुलट कसं राहतं, हे मला त्या वयात कळत नव्हतं. आज कळतं असंही नाही, फक्त त्याचं आश्चर्य वाटत नाही.

आमच्याकडे भादव्याच्या पुनवेला भुलाबाई बसते आणि कोजागिरीला उठते. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, वर ज्वारीच्या धांड्यांचा मखर. महिनाभर रोज दिवेलागणीला मुली घरोघरी जातात, टिपऱ्यांवर गाणी म्हणतात, आणि गाणी झाली की त्या घरची बाई झाकलेला डबा घेऊन येते. आत काय आहे ते मुलींनी ओळखायचं. बाई डबा हलवते, गोड की खारं एवढंच सांगते. ओळखला तर मुली जिंकल्या, नाही तर घर जिंकलं. खाऊ दोन्ही वेळा मिळतो. ज्या घरचा डबा असेल त्या घरच्या मुलीने तोंड उघडायचं नाही, हा एकच नियम, आणि तो कधी कुणी मोडल्याचं मी ऐकलं नव्हतं.

त्या वर्षी सगळ्यांत पुढे ताई. मायकडून तिने सगळी गाणी घेतली होती. इतर मुलींना दोन-तीन कडवी येत, ताईला शेवटपर्यंत येत. मी मागे उभी राहून बाबांनी करून दिलेल्या टिपऱ्या वाजवायचे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी विमलच्या घरी होतो. तिच्या आईने डबा हलवला. मुली ओरडू लागल्या, लाडू, चिवडा, फुटाणे, बत्तासे. मी विमलच्या कानात म्हटलं, "लाडू एकमेकांवर आपटतात. हे घसरून राह्यलं. शंकरपाळे असतीन." स्वतःच्या घरचा डबा, म्हणून विमल ओठ दाबून गप्प राहिली, पण तिचे डोळे एवढे मोठे झाले की दुसरीनेच विचारलं, "काय म्हनली वं मंगल?" मी पुन्हा मोठ्याने सांगितलं. झाकण निघालं. शंकरपाळे होते.

दुसऱ्या दिवशी मी खारे दाणे ओळखले, फुटाणे म्हणणाऱ्या सगळ्यांना थांबवून. त्यानंतर पेरूच्या फोडी, त्यांचा तर आवाज नव्हताच, फक्त ओला धप्पा होता. आठ दिवसांत मी गल्लीत पुढच्या रांगेत आले. बायका मला बघून म्हणत, "आली पाहा कानवाली." काहींनी डब्यात खाऊबरोबर खडे टाकून पाहिले, तेही मी ओळखले. वर्गात विमल दप्तर घेऊन पुन्हा माझ्या बाकावर आली आणि तिच्यामागे आणखी दोघी आल्या. पोळी पुन्हा माझ्याकडे येऊ लागली. मी मागच्या बाकाकडे बघणं टाळलं, पण एकदा बघितलं. ताई एकटी बसून वहीच्या कोपऱ्यात फुलं काढत होती. माझ्याकडे बघून ती हसली. मला आवडलं असतं की ती हसली नसती.

आणि मग एक गोष्ट झाली, जी कुणी ठरवून केली नाही. मुलींना डब्याची घाई होऊ लागली. ताई गाणं सुरू करायची, दोन कडव्यांनंतर कुणीतरी टिपरी जमिनीवर आपटायचं. "शकूताई, बस न आता. मंगलले आयकू दे." मायच्या माहेरचं एक लांब गाणं होतं. त्यात सासरी गेलेली मुलगी माहेरच्या एकेका माणसाची आठवण काढते, आणि सगळ्यांत शेवटी आई येते. मुली आईपर्यंत पोचतच नव्हत्या. काका-मामांवरच गाणं तुटायचं. एका संध्याकाळी ताई थांबली नाही, तर मीच म्हटलं, "ताई, आटप न लवकर."

ताईने आटपलं.

आमच्या घरची पाळी कोजागिरीच्या चार दिवस आधी होती. त्याच्या कितीतरी आधीपासून घरात काहीतरी शिजत होतं, चुलीवर नव्हे, माय आणि ताईच्या मधे. मी खोलीत शिरले की दोघी गप्प व्हायच्या. आमची ऐपत काय ते सगळ्या गल्लीला माहीत होतं. गेल्या वर्षी आमच्या डब्यात लाह्या होत्या आणि त्या हलवायच्या आधीच ओळखल्या गेल्या होत्या. ताई मला म्हणाली, "यंदा आपल्या घरचा खाऊ कोनालेच नाही ओयखता येनार. तुलेबी नाही. तुले सांगनारच नाही मी, तूबी सगळ्यायसंग ओयख." तिचा चेहरा खूप दिवसांनी उजळला होता. तिला एका संध्याकाळपुरतं जिंकायचं होतं. मला ते तेव्हाही दिसलं होतं. दिसलं नाही, असं आता म्हणता येणार नाही.

पाळीच्या दिवशी सकाळी मी चूल पेटवायला बाबांच्या कामाजवळचा भुसा आणि ढलप्या सुपात भरून आणल्या. जाळ धरला, आणि लाकडाच्या आवाजात एक वेगळीच बारीक तडतड आली. मी फुंकणीने राख सारली. ढलप्यांत पांढरी, पातळ टरफलं होती, नखाएवढी. लाल भोपळ्याच्या बियांची. आमच्याकडे त्याला कोहळं म्हणतात. मग एकेक आठवत गेलं. महिनाभर आमच्याकडे कोहळ्याची भाजी किती वेळा झाली होती. ताई शेजारणींकडूनही बिया का मागून आणत होती. आदल्या दिवशी डोकं दुखतं म्हणून ती शाळेत आली नव्हती आणि घरी परतल्यावर मला गुळाचा वास आला होता. मी टरफलं चुलीत ढकलली आणि भाकरीचं पीठ घेऊ लागले.

संध्याकाळी अंगण मुलींनी भरलं. आपल्याच घरी असल्यामुळे असेल, त्या दिवशी ताईने लांब गाणं धरलंच नाही, छोटी दोन म्हटली. मग तिने स्वतः डबा आणला, मायच्या लग्नातला, पितळेचा, चिंचेने घासून सोन्यासारखा केलेला. तिने तो हलवला. काहीच आवाज आला नाही. पुन्हा हलवला. काहीच नाही.

"माय वं! रिकामा आन्ला का काय?" कुणीतरी म्हणालं, आणि हशा झाला.

"रिकामा नाही. गोड हाय," ताई म्हणाली.

शिरा, खवा, केळी, गूळ, साखर, सगळं सांगून झालं. माय दारात पदर तोंडाला लावून हसत होती. बाबासुद्धा वाकस खाली ठेवून बघत होते. ताई प्रत्येक उत्तराला मान हलवून नाही म्हणत होती, आणि प्रत्येक 'नाही'बरोबर तिची मान थोडी उंच होत होती.

"मंगल! मंगलले द्या!"

"तिच्या घरचा डबा हाय न?"

"तिले सांगतलंच नाही म्हने शकूताईनं. द्या तिले!"

डबा माझ्या हातात आला. मी कानाशी धरून हलवला. खरोखर काही ऐकू येत नव्हतं. 'मला नाही कळत' एवढे तीन शब्द माझ्या जिभेवर होते. तेवढ्यात विमल सहज म्हणाली, "आज हारली वाटते मंगल." तिच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. पण मला विमल उठून गेल्यावरचा माझा रिकामा बाक दिसला. मी डोळे मिटले, डबा हळूच तिरका केला, बाबा लाकूड ऐकताना करतात तसा चेहरा केला आणि म्हटलं, "कोहळ्याच्या बिया. गुळातल्या वड्या. बारीक वाजून राह्यल्या."

मग ताईने झाकण उघडलं. आत मायच्या जुन्या पातळाचे तुकडे होते. प्रत्येक वडी वेगळी गुंडाळलेली, आणि वर उरलेल्या जागेत फडकं दाबून बसवलेलं. आवाज येणं शक्यच नव्हतं. त्यासाठीच तर तिने ते केलं होतं. इतर मुलींना झाकणाखालच्या वड्या दिसल्या. ताईला मी दिसले.

तिने माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही. मग ती मोठ्याने म्हणाली, "हाव. जितली मंगल." आणि वड्या वाटू लागली. मुली माझ्या गळ्यात पडल्या. बिया कुणी सोलल्या, किती दिवस सोलल्या, हे कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी वेणी घालताना ताईचा हात माझ्या गालावरून गेला तेव्हा खरखरीत लागला. तिच्या दोन्ही अंगठ्यांची नखं कडेने चिरली होती.

पुढचे तीन दिवस ती गाण्याला आली नाही. मायला म्हणाली, डोकं दुखून राह्यलं. तिच्याशिवाय गाणी सुरू व्हायची आणि मध्येच विझायची, कारण पुढचं कडवं कुणालाच येत नव्हतं. डबे मी ओळखत होते. परतताना विमल माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाली, "फडक्यातूनबी आयकू येते तुले! कमाल हाय बाई तुयी." मी तो हात हळूच काढला, टिपऱ्या दुसऱ्या हातात घ्यायच्या आहेत असं दाखवून.

कोजागिरीच्या दुपारी ताई कडुनिंबाखाली बाबांच्या ओंडक्यावर बसून गणित सोडवत होती. समोरचं उदाहरण मीच दिलेलं होतं. मी शेजारी बसले.

"ताई, त्या दिशी मले आयकू नव्हतं आलं."

"मले ठावं हाय."

"टरफलं पाह्यली होती मी. चुलीत."

"भुश्यात मीच लपवली न. चूल तू पेटवतं हे ध्यानातच नाही राह्यलं." तिने खोडरबराने एक आकडा पुसला. "येडीच हाव मी."

"मंग बोलली काऊन नाही? सगळ्यायसमोर सांगाचं होतं."

तिने पुसलेल्या जागी नवा आकडा लिहिला. "विमलनं म्हनलं न हारली म्हनून, तवा तुया चेहरा पाह्यला मी. लहानपनी तू बैलबाजारात हरवली होती, तवा असाच होता. मंग मले काही बोलनं झालं नाही." मग ती माझ्याकडे वळली. "डब्याचं जाऊ दे वं. डबा काय, खाऊनच टाकाचा असते. पन गान्याले आटप नको म्हनू. मायच्या मायचं गानं हाय ते. तेवढं नको म्हनू."

मला रडू आलं. तिने पदर नव्हता म्हणून ओढणीने माझं नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं, जरा जोरातच.

"आज चाल," मी म्हटलं.

"तू जाय."

"तू नाही त मीबी नाही. तुयाबिगर गमत नाही तिथं."

त्या संध्याकाळचं शेवटचं घर वच्छलाकाकूंचं होतं. त्या गल्लीतल्या सगळ्यांत वयस्कर, आणि मुलींचा सगळा मेळा त्यांच्याच ओसरीवर उठायचा. गाणी सुरू होण्याआधी मी मध्ये उभी राहिले आणि सांगून टाकलं. मला वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. विमल म्हणाली, "म्हनजे लबाडी केली तू?" मी म्हटलं, "हाव." मागून कुणीतरी "चोट्टी!" म्हणालं आणि काही जणी हसल्या. विमल हसली नाही. ती माझ्यापासून दोन पावलं दूर जाऊन उभी राहिली आणि दिवाळीपर्यंत तेवढीच दूर राहिली. वच्छलाकाकूंनी तंबाखूची चिमूट गालात सरकवली आणि म्हणाल्या, "झाली का तुमची कोर्टकचेरी? शकू, धर बाई गानं. पुरं म्हन."

ताईने मायच्या माहेरचं गाणं धरलं. काका झाले, मामा झाले, भाऊ झाले. एक लहान मुलगी जांभया देऊ लागली, तिला कुणीतरी चिमटा काढला. मी टिपरी धरून होते आणि मोजत होते, अजून कोण उरलं. शेवटी आई आली. वच्छलाकाकूंची आई जाऊन किती वर्षं झाली असतील कोण जाणे, पण त्या भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या, आणि गाणं संपल्यावर डबा आणायला त्यांना थोडा वेळच लागला. डबा आला तेव्हा सगळ्यांनी ओळखून पाहिलं, मला कुणी विचारलं नाही. ताईने तो काकूंच्या हातून घेतला आणि माझ्यापुढे धरला. "आयक." मी हलवला, नीट ऐकला आणि म्हटलं, शेव. निघाल्या चकल्या. सगळ्यांत मोठ्याने ताई हसली.

मी पुन्हा कधी त्या वर्षीसारखी लोकप्रिय झाले नाही. विमल पुढे बोलू लागली, पण कळण्याची भाकर तिने पुन्हा मागितली नाही. ताई नववी आणि दहावी माझ्याबरोबर पास झाली आणि तिचं लग्न झालं. मला चांगले गुण होते, तरी बाबा पुढे शिकवायला कचरत होते. पोर बुलढाण्याला एकटी कशी राहील, हा त्यांचा घोर. पुढच्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताई माहेरी आली होती. तिने ताटावरच बाबांना विचारलं, "दोनदा नापास झालेलीले जिनं पास केलं, तिले घरी बसवता का?" दोन महिन्यांनी बाबांनीच माझी ट्रंक डोक्यावर घेऊन एसटीच्या टपावर चढवली. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. लोक माझ्या जिद्दीचं कौतुक करतात तेव्हा त्यांना ताईच्या त्या ताटावरच्या वाक्याबद्दल काही माहीत नसतं.

ताई आता सत्तरी ओलांडून गेली आहे. आवाज चिरकतो, पण गाणं ती पुरं म्हणते. दरवर्षी भुलाबाईच्या दिवसांत कुणा येणाऱ्याच्या हाती तिचा डबा माझ्याकडे बुलढाण्याला येतो. मी तो घेते आणि नातवंडांसमोर कानाशी धरून हलवते. काही आवाज येत नाही. पोरं म्हणतात, आजी, यात काहीच नाही. तेवढ्यात फोन वाजतो.

"पोचला का? सांग, काय हाय?"

मी डबा पुन्हा हलवते, तिला फोनवर ऐकू जाईल असा. जुन्या पातळात गुंडाळलेल्या वड्या जागच्या हलत नाहीत.

"शेंगदाणे," मी म्हणते.

"हारली!" ताई ओरडते. "यंदाबी हारली!"